आईला सांगायचा शब्द

मंडळी, गोष्ट २१ ऑगस्ट २०२२ ची, रविवार रात्रीची. आई पुण्याहून आमच्याकडे आली होती. जेवणं उरकून आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. पंतप्रधान ली सिएन लूंग यांचं राष्ट्रीय दिनाचं भाषण चालू होतं. ३७७ए हे कलम रद्द करणार, असं त्यांनी जाहीर केलं. आईने विचारलं, "काय गं म्हणाले ते?" इथेच वाढलेली माझी लेक आजीला समजावून सांगायला लागली आणि एका शब्दापाशी अडली. "आई, गे म्हणजे मराठीत काय?"

"समलिंगी," मी म्हणाले खरी, पण आवाज आपोआप खाली आला. आई काही बोलली नाही. स्वतःच्याच भाषेतला शब्द उच्चारताना मी का बरं चाचरले? म्हणून त्या शब्दाच्या मागे लागले, आणि वाट थेट आपल्याच देशात पोचली.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा केला. या विषयाची जाहीर चर्चासुद्धा नको, असं त्या मंडळींनी टिपणात लिहून ठेवलं. पुढे १८६० च्या कायद्यात ३७७ वं कलम आलं, त्यातही माणसाला नाव नाहीच. 'निसर्गक्रमाविरुद्ध' एवढाच मोघम शब्दप्रयोग. सिंगापूर १८६७ पर्यंत कलकत्त्याच्या अखत्यारीत होतं. इथली १८७१ ची दंडसंहिता हिंदुस्थानच्याच नमुन्यावर बेतली गेली, कलमाच्या आकड्यासकट! आपल्या आधी आपला कायदा इथे येऊन राहिला होता, म्हणा ना. १९३८ साली इंग्लंडच्या कायद्यावरून ३७७ए जोडलं गेलं, ते फक्त पुरुषांसाठी, दोन वर्षांपर्यंत कैदेचं.

मग 'होमोसेक्शुअल' हा शब्द कायद्याने दिला का? मुळीच नाही. कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या लेखकाने १८६८ साली एका पत्रात तो प्रथम वापरला आणि १८६९ मध्ये छापला, तो प्रशियातल्या अशाच कायद्याला विरोध करणाऱ्या पत्रकात. त्याच पत्रात 'हेटरोसेक्शुअल' हा शब्दही आहे. म्हणजे 'त्यांचा' आणि 'आपला' शब्द जुळी भावंडं! नंतर हा शब्द डॉक्टरांच्या हाती गेला आणि त्याला आजाराचा वास लागला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली आजारांच्या यादीतून तो काढला.

मराठीत आपण त्याचं 'समलिंगी' केलं. ग्रीक 'होमो' आणि संस्कृत 'सम' मुळात एकच, त्यामुळे पहिला भाग चपखल बसला. अडचण दुसऱ्याची. लिंग म्हणजे खूण, लिंग म्हणजे व्याकरणातलं, आणि लिंग म्हणजे शरीराचा अवयवही. ऐकणाऱ्याचं मन नेमकं तिसऱ्या अर्थाकडे धावतं. इथल्या चिनी शेजाऱ्यांच्या 'थोंगशिंगलिएन' या शब्दात शेवटचं अक्षर प्रेमाचं आहे. आपल्या शब्दात प्रेम कुठे दिसतच नाही. खरं तर प्रश्न असतो तो 'लैंगिक कला'चा, म्हणजे मन कुणाकडे ओढ घेतं याचा. 'समसंभोग' हे कृतीचं नाव, 'समलिंगी' हे माणसाचं. आणि 'तृतीयपंथी' ही तर निराळीच गोष्ट. पण आपण तिन्ही एकाच पोत्यात भरतो.

मराठीत कुणी बोललंच नाही असं मात्र नाही हं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये लैंगिक विषयांवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९८१ साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं, त्याची नायिका दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. पुण्याच्या एका संस्थेने तर स्वतःचं नावच 'समपथिक' ठेवलं. वाट तीच, सोबती वेगळा. किती साधा शब्द!

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. सिंगापूरच्या संसदेने २९ नोव्हेंबर २०२२ रोजी ३७७ए रद्द केलं. त्याचबरोबर लग्नाची व्याख्या संसदच ठरवेल, कोर्ट नाही, अशी घटनादुरुस्तीही केली. लग्नाला मान्यता दोन्हीकडे अजून नाही.

आता आईकडे येते. माझे एक मामा आजन्म अविवाहित होते. घरात त्यांच्याविषयी "त्याचं जरा वेगळं आहे" एवढंच बोललं जायचं. त्यांचे एक स्नेही दर रविवारी जेवायला असत, आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणत. मामा गेले तेव्हा घरभर माणसं भेटायला आली. ते स्नेही दाराशी चपलांजवळ उभे होते, थोड्या वेळाने निघून गेले.

त्या भाषणानंतर तीन-चार दिवसांनी आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "परवा तू तो शब्द सांगितलास ना... मामा गेला तेव्हा त्यांना भेटायला जायला हवं होतं गं आपण. काय म्हणून जायचं तेच कळलं नाही."

ते आता कुठे आहेत, आम्हाला ठाऊक नाही. शब्द थोडा आधी घरात आला असता, तर चहा तरी विचारला असता.

या दिवाळीत तुमच्या घरी फराळाला कुणी 'स्नेही' म्हणून आलं, तर त्यांना आत, घरच्यांच्या पंगतीत बसवा. शुभ दीपावली!