परसातील तलंगा

अंडी देण्यास प्रारंभ न केलेल्या तरुण कोंबडीस ‘तलंग’ म्हणतात. व्यंकटेश्वरा हॅचरीजमुळे (स्थापना १९७१) पुण्याचे नाव कुक्कुटपालनाशी जोडले गेले. मात्र परसातील तलंगांची वाढ एकसारखी नसते. अंड्यांसाठीच्या संकरित तलंगा साधारणतः १८ ते २० आठवड्यांत अंडी देऊ लागतात, देशी तलंगांना सुमारे सहा-सात महिने लागतात. तुरा लाल होणे ही पक्वतेची खूण होय.

कोंबड्यांमध्ये टोचण्यातून मानाची उतरंड ठरते, हे नॉर्वेचे श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकात मांडले. तळाच्या तलंगेस खाद्य अपुरे मिळून तिची वाढ खुंटू शकते. अशी तलंग निकृष्ट समजून काढून टाकण्यापूर्वी खाद्य-पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. पंख गाळून ती मलूल बसल्यास मात्र पशुवैद्यकास दाखवावे.