वांद्र्याहून मुंबईला जायचं कसं?

वांद्र्यातली जुनी माणसं अजूनही "मुंबईला जाऊन येतो" म्हणतात. नवीन भाडेकरूंना हसू येतं, मग तुम्ही राहता कुठे? पण मंडळी, बोलणारा चुकत नाहीये. मुंबई हे बेट, वांद्रे साष्टीत, आणि मध्ये माहीमची खाडी. आणि ही खाडी नुसती खाडी नव्हती, एके काळी सरहद्द होती. कंपनीकडे मुंबई आली १६६८ साली. अलीकडे वांद्र्यात पोर्तुगीज, १७३९ च्या वसईच्या मोहिमेपासून मराठे, आणि १७७४ पर्यंत आपलाच अंमल. लँड्स एंडचा किल्ला उगीच त्या टोकाला बांधलेला नाही. खाडीत कोण शिरतंय ते तिथून दिसायचं.

इंग्रजांनी साष्टी घेतली, सरहद्द गेली, पण पाणी होतंच. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला, तो तिकडे कुर्ल्याच्या बाजूला. वांद्र्याच्या माणसाला होडी. भरती-ओहोटी बघायची, पावसाळ्यात जीव मुठीत धरायचा. भाजी, मासे, दूध, आजारी माणूस, सगळं होडीतूनच.

पूल बांधायला कंपनी सरकार पैसे सोडेना. शेवटी पैसे दिले एका बाईने. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी, लेडी आवाबाई. एकूण १,५७,००० रुपये! त्या काळचे. १८४५ साली रस्ता खुला झाला. माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, हे रोज तिथल्या सिग्नलला अडकणाऱ्या किती जणांना माहीत असेल? पण मला रकमेपेक्षा बाईंची अट मोठी वाटते. या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. गाडीवाला असो की डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण.

पुढे रेल्वे आली. बी.बी.सी.आय.ची विरारहून बॅकबेपर्यंतची लोकल १८६७ ची, १९२८ पासून चर्चगेट-बोरिवली विजेवर. लोकलबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगणार, रोज लटकताय. तिकीट आहे, पण अजूनही ती गरिबाला परवडते.

मग ३० जून २००९. सी लिंक. साडेपाच किलोमीटर, वरळीपर्यंत, सुरू होतो त्याच किल्ल्याच्या जवळून. देखणा आहे, नाही कोण म्हणतो? पण चालत जाता येत नाही (मॅरेथॉनचा दिवस सोडून), सायकल नाही, स्कूटर नाही, रिक्षा नाही. रिक्षाला तर बेटावरच बंदी, ती वांद्र्यालाच थांबते. आणि कारने जायचं तर एका फेरीचे शंभर रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. सी लिंकचा नाही. गंमत बघा, त्याच सी लिंकला जोडलेल्या कोस्टल रोडवर टोल नाही. म्हणजे समुद्रातला अर्धा रस्ता फुकट, अर्धा विकत.

आता मेट्रो ३ पण आली. बीकेसीहून मिठी नदीखालून धारावी, आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेड. चांगली आहे, गारेगार आहे. पण वांद्रे पश्चिमेहून बीकेसीला पोचेपर्यंत लोकल दादर गाठते, हे पण खरं.

काल रात्री माहीम कॉजवेवरून स्कूटरने परत येत होतो. डावीकडे समुद्रात सी लिंकचे दिवे लखलखत होते, त्यावर एखाददुसरी गाडी. इकडे आमच्या रस्त्यावर बस, टॅक्सी, हातगाडी, चालणारे, पाव किलोमीटरला दहा मिनिटं. पुलाच्या आधी हॉर्न वाजवत शेजारचा म्हणाला, "वरून गेला असता तर?" म्हटलं, बाबा, मला वरून सोडत नाहीत. आवाबाईंच्या रस्त्याने चाललोय.