गाव चालवतं ते पर्यटन नेमकं काय असतं? हिमालय ते वेळास, आणि बार्शीटाकळीचं काटेपूर्णा

अकोला शहराच्या नळाला येणारं पाणी बार्शीटाकळी तालुक्यातल्या महानच्या धरणातून येतं. याच जलाशयाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. 1988 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य अकोला आणि वाशिम जिल्ह्यांत सुमारे 74 चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. सागाचं पानझडी जंगल, त्यात चौशिंगा, भेकर, रोही, बिबट्या. हिवाळ्यात पाण्यावर स्थलांतरित पक्षी.

अकोल्यापासून हे सगळं इतकं जवळ आहे की सहल एका दिवसात उरकते. सकाळी डबा घेऊन यायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी घरी परत. अशा सहलीतून काठावरच्या गावात पैसा थांबत नाही. याउलट जंगलाचा भुर्दंड मात्र गावालाच पडतो. रानडुकरं आणि रोही रात्री सोयाबीन, तूर, हरभऱ्यात उतरतात. शेतकऱ्याला जागल करावी लागते. अभयारण्य असल्याने चराई आणि वनोपजावर निर्बंध येतात, ते वेगळंच.

जंगल राखण्याची किंमत गावाने मोजायची आणि आनंद इतरांनी घ्यायचा, हा तिढा सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे गावाने चालवलेलं पर्यटन.

हिमालयात हे कसं सुरू झालं?

उत्तराखंडमधल्या नंदादेवी परिसरातल्या लाता आणि रेणी या गावांचं उदाहरण घेऊ. रेणी म्हणजे 1974 मध्ये गौरादेवींसोबत बायकांनी झाडं वाचवली, ते चिपको आंदोलनाचं गाव. 1982 मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यानंतर गिर्यारोहणही बंद झालं. मोहिमांसोबत पोर्टर आणि वाटाडे म्हणून जाणाऱ्या भोटिया कुटुंबांची कमाई गेली, वरची कुरणंही गेली.

2001 मध्ये लाता इथे गावकऱ्यांनी एक जाहीरनामा काढला. त्याचा सूर स्पष्ट होता: पर्यटन पुन्हा सुरू होणार असेल, तर त्यात पहिला अधिकार स्थानिकांचा हवा. 2003 पासून मर्यादित संख्येने पर्यटकांना काही भागात प्रवेश मिळू लागला.

लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात अडचण वेगळी होती. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरला की एकाच वेळी अनेक मेंढ्या-बकऱ्या मारायचा. साहजिकच लोकांचा त्याच्यावर राग होता. ट्रेकर यायचे, पण तंबू आणि शिधा सोबत घेऊनच. 2000 नंतरच्या काही वर्षांत स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गावकऱ्यांसोबत होमस्टे सुरू केले. पाहुणे घरात राहू लागले, घरचंच जेवू लागले. वाटेवर बायकांनी पॅराशूटच्या कापडाखाली छोटी चहा-कॅफे थाटली. गोठ्यांवर जाळीचं छप्पर घालण्याचं कामही सोबत झालं. ज्याला बघायला पाहुणे येतात, तो हिमबिबट्या जिवंत राहण्यात आता गावाचाही फायदा होता.

मग साध्या होमस्टेपेक्षा यात वेगळं काय?

कुणीही खोली भाड्याने दिली की झालं, असं हे नाही. फरक तीन गोष्टींत असतो:

- पाळी: पाहुणे घरोघरी पाळीने दिले जातात. रस्त्यालगतचं किंवा पैसेवाल्याचंच घर भरत नाही.
- सामायिक निधी: कमाईतला काही वाटा गावाच्या निधीत जातो आणि स्वच्छता, संवर्धन अशा कामांना लागतो.
- निर्णय: दर किती, पाहुणे किती, कोणत्या वाटेने जायचं आणि कुठे जायचं नाही, हे गाव बसून ठरवतं.

यातलं तिसरं सुटलं की पहिली दोन फार काळ टिकत नाहीत.

महाराष्ट्रात असं कुठे घडलंय?

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास हे सर्वांत ओळखीचं नाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांसोबत घरट्यांचं रक्षण सुरू केलं. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला आलेले लोक गावातल्याच घरांत उतरतात, घरचं कोकणी जेवण जेवतात.

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत मे-जूनमधले काजवे बघायला येणारे पाहुणेही आदिवासी कुटुंबांच्या घरी राहतात. मात्र त्याच पट्ट्यात भंडारदऱ्याकडे काजव्यांसाठी उसळणारी गर्दी, गाड्यांचे दिवे आणि पायाखाली येणारे किडे हा दरवर्षीचा वादाचा विषय आहे. मर्यादा न ठरवता पर्यटन वाढलं, तर जे बघायला लोक येतात तेच संपतं.

बार्शीटाकळीत हे जमेल?

वऱ्हाडात गावाने जंगल सांभाळल्याचं उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले, उजाड जमिनीवर जंगल वाढवलं आणि सीताफळांच्या विक्रीतून कमाई उभी केली. या कामाला 2014 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. इथे पर्यटन मुख्य नव्हतं, पण निर्णय ग्रामसभेने घेतले, हा धागा लाता गावासारखाच आहे.

काटेपूर्णेजवळ पक्षी, चौशिंगा आणि पाणी आहे. बार्शीटाकळीत कालिकादेवीचं प्राचीन मंदिर आहे. हिवाळ्यात चुलीवरची भाकरी, ठेचा आणि हुरडा खाऊ घालणारी घरंही आहेत. पण अभयारण्याच्या आत काय करायचं, हे वनविभागाच्या नियमांनीच ठरतं. त्यामुळे मुक्काम, जेवण आणि वाटाड्याचं काम काठावरच्या गावांतूनच उभं राहू शकतं.

दोन गोष्टी आधीच मान्य केलेल्या बऱ्या. ही कमाई हंगामी असते, ती शेतीची जागा घेत नाही. आणि पाहुणे आले म्हणून रानडुकरं शेतात यायची थांबत नाहीत. नुकसानभरपाई वेळेवर मिळणं तितकंच गरजेचं राहतं.

पुढच्या वेळी जाताना

कुठल्याही 'इको' म्हणवणाऱ्या ठिकाणी बुकिंग करण्याआधी चार प्रश्न विचारा. घर कुणाचं आहे? पाहुणे पाळीने दिले जातात का? पैशातला किती वाटा गावात राहतो? आणि एका दिवशी जास्तीत जास्त किती लोक घेता? शेवटच्या प्रश्नाला 'कितीही या' असं उत्तर आलं, तर तिथले नियम गावाने ठरवलेत का, हे आधी तपासा.