मेट्रिक उपसर्ग, सी प्लस प्लस भाषेतील

किलो, मिली, नॅनो हे दशमान उपसर्ग सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीत २०११ च्या आवृत्तीपासून आहेत. ते ‘रेशो’ या साच्यावर बेतलेले असून प्रत्येक उपसर्ग म्हणजे अंश-छेदाची एक जोडी होय: किलो १०००/१, मिली १/१०००. दशांश अपूर्णांक मुद्दाम टाळल्यामुळे गुणोत्तर काटेकोर राहते. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देण्याचे काम प्रोग्रॅम चालण्याआधी, संकलनाच्या वेळीच उरकते.

याचा खरा उपयोग ‘क्रोनो’ या कालमापन विभागात दिसतो. सेकंदांचे मिलिसेकंद आपोआप होतात. उलट दिशेने, पूर्णांकी १५०० मिलिसेकंद सेकंदांत भरू गेल्यास संकलक अडवतो. रूपांतर स्पष्टपणे मागितले, तर उत्तर १ सेकंद येते आणि उरलेला अर्धा गळतो. ही अडवणूक नवशिक्याला जाचते, पण ती रास्तच आहे.

अंश-छेद जेथे ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ठेवले जातात, तेथे सुमारे ९.२२ × १०^१८ पर्यंतच संख्या मावते. त्यामुळे तेथे ॲटो ते एक्सा एवढेच उपसर्ग मिळतात. झेटा, योटा मानकात असूनही हाती लागत नाहीत. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आलेल्या रोना, क्वेटा यांचीही तीच गत.