जानोरकर कुठले?

गाडगेबाबांचे आडनाव 'गाडगे' नव्हे. ते नाव हातातल्या मातीच्या गाडग्यावरून लोकांनी दिले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा मुलगा डेबूजी झिंगराजी जानोरकर.

'कर' लागणाऱ्या आडनावाची एक गंमत आहे: त्या गावात राहून ते सहसा मिळत नाही! जानोरीत सगळेच जानोरीचे. तिथे कोणाला जानोरकर कशाला म्हणतील? गाव सोडून दुसरीकडे वस्ती केली, की शेजारी तसे म्हणू लागतात. म्हणजे डेबूच्या जन्माआधीच कोणा पूर्वजाने गाव बदलले असावे. वऱ्हाडात जानोरी एकाहून अधिक, त्यामुळे नुसत्या आडनावावरून मूळ गाव ठरत नाही. पुढे वडील वारल्यावर डेबू आईबरोबर मामाकडे दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात गेला. पण दापुरकर झाला नाही. आडनाव तोवर वारशाने येऊ लागले होते.

आडनावावरून जात ओळखू पाहणारे मात्र फसतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या वानखेडशी जोडले जाणारे 'वानखडे' वऱ्हाडात अनेक जातींत आढळते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली अशी आडनावे आपण मुलांकडून तालुक्याच्या नकाशावर मांडून घेऊ या. जातीचा रकाना तेवढा झाकून ठेवू.