गुप्तरोग आणि पुरुषाची तपासणी

ज्या सोळाव्या शतकात ठाण्याच्या खाडीकाठी पोर्तुगीजांचा अंमल बसला, त्याच शतकात भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ (म्हणजेच उपदंश) नावाचा रोग नोंदविला. लोकभाषेत त्याची ‘गरमी’ झाली, आणि हर्पिसचे बारीक, दुखरे फोडही त्याच एका नावाखाली लपून राहिले.

इंग्रजी अमदानीत 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने मुंबईसारख्या शहरांत वेश्यांच्या नोंदणीचा व सक्तीच्या तपासणीचा बंदोबस्त केला, परंतु त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषाचे नावही सरकारी दप्तरात चढले नाही. कायदा 1888 मध्ये रद्द झाला, तरी त्या अन्यायाची सावली फार दूरवर पडली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरुषाने आपल्या रोगाची जबाबदारी घ्यावी, ही गोष्ट मराठीत उघडपणे बोलण्याचे धैर्य र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने 1927 ते 1953 या काळात दाखविले.

जबाबदारी घ्यायची तर आधी तपासणी हवी; पण वासरमान या शास्त्रज्ञाची 1906 ची रक्तपरीक्षा उपदंशापुरतीच होती. हर्पिसचे दोन प्रकार खात्रीने वेगळे ओळखणारी रक्तचाचणी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आली, आणि तीतही प्रतिद्रव्ये दिसण्यास कित्येकदा 12 आठवडे लागतात. म्हणून ताज्या फोडातील स्रावाची पीसीआर तपासणी अधिक भरवशाची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात हर्पिसच्या अशा व्रणांसाठी लाल रंगाचा औषधसंच ठरलेला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील वाचकहो, फोड सुकण्याची वाट न पाहता, संकोच बाजूला ठेवून, डॉक्टरांना दाखवा.