रात्री घर उठून दिसावं म्हणून बाहेर दिवे कसे लावायचे? आधी हे वाचा, मग इलेक्ट्रिशियनला बोलवा!

मंडळी, आयुष्यभराची पुंजी ओतून घर बांधलं. समोर दगडी क्लॅडिंग केलं, दाराशी चाफा लावला, रंग तीनदा बदलून पाहिला. पण संध्याकाळचे सात वाजले की सगळं गायब! रस्त्यावरून दिसतो तो फक्त गेटवरचा एक पांढराफटक फ्लडलाइट आणि त्याच्याभोवती घोंघावणारे किडे. पाहुणा डोळ्यांवर हात धरूनच बेल शोधतो.

अमेरिकेत घरविक्रीच्या धंद्यात 'कर्ब अपील' असा एक शब्द चालतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्याला घर कसं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. दिवसा हे काम रंग, झाडं आणि फाटक करतात. रात्री मात्र ते सगळं दिव्यांवर येतं. आपल्याकडे बंगल्याच्या बजेटमध्ये बाहेरच्या दिव्यांचा नंबर बहुतेक वेळा शेवटचा असतो. मग उरलेल्या पैशांत मिळेल तो दिवा, मिळेल त्या भिंतीवर ठोकला जातो.

हे काम थोडा विचार करून केलं तर खर्च कमी येतो, घर खुलतं आणि घरातली माणसंही सुरक्षित राहतात. कसं ते बघूया.

दिवा नाही, घर दिसलं पाहिजे

बाहेरच्या प्रकाशयोजनेचा पहिला नियम सोपा आहे. उजेड दिसावा, दिवा दिसू नये. उघडा बल्ब नजरेसमोर आला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि आजूबाजूचं सगळं आणखी काळं वाटायला लागतं. म्हणूनच झगझगीत फ्लडलाइटमागे उभा असलेला माणूस आपल्याला दिसत नाही. सुरक्षेसाठी लावलेला दिवा चोराच्याच सोयीचा ठरतो तो असा.

याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी १९४९ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू कॅनन इथे स्वतःसाठी चारही बाजूंनी काचेचं घर बांधलं. दिवसा बाहेरची झाडी सुंदर दिसायची. रात्री आत दिवा लावला की त्याच काचांचे आरसे व्हायचे आणि बाहेरचं काहीच दिसायचं नाही. रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकाराने यावर उपाय काढला. त्याने आतले दिवे मंद केले आणि बाहेरची झाडं व हिरवळ उजळली. आरसे गेले, काचा पुन्हा पारदर्शक झाल्या.

याच केलीने प्रकाशाचे तीन प्रकार मांडले, आणि ते आजही शिकवले जातात. पहिला सगळीकडे पसरलेला मंद उजेड. दुसरा एखाद्या गोष्टीकडे नजर खेचणारा झोत. तिसरा निव्वळ चमचमाट, डोळ्यांना आनंद देणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर अंगणातलं चांदणं, तुळशीवृंदावनावर पडलेला कवडसा आणि दिवाळीतल्या पणत्यांची रांग. चांगल्या घरात हे तिन्ही थोडे थोडे असतात. तिसऱ्याचाच अतिरेक झाला की घराचं मंगल कार्यालय होतं!

काय उजळायचं आणि काय सोडायचं?

पूर्ण भिंत एकसारखी उजळली की घर सपाट दिसतं. खोली जाणवते ती सावलीमुळे. म्हणून आधी घराच्या तीन-चार जागा निवडा: प्रवेशद्वार, एखादा खांब किंवा कमान, दगडी भिंत, मोठं झाड. बाकीचं अंधारात राहू द्या.

पद्धती मुख्यतः या आहेत:

- भिंतीला घासून जाणारा प्रकाश: दिवा भिंतीपासून साधारण १५ ते ३० सेंटीमीटरवर ठेवून झोत वर किंवा खाली सोडायचा. दगडाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि पोत उठून दिसतो. काळा पाषाण, कोकणातला जांभा किंवा उघडं विटकाम असेल तर हाच प्रकार वापरा. साध्या प्लास्टरवर मात्र जपून. पातळी जरा चुकली असेल तर गवंड्याच्या थापीचा प्रत्येक माग रात्री चव्हाट्यावर येतो.
- भिंत धुऊन काढणारा प्रकाश: दिवा भिंतीच्या उंचीच्या साधारण एकतृतीयांश अंतरावर ठेवायचा, म्हणजे तीन मीटरच्या भिंतीसाठी एक मीटर. उजेड समान पसरतो, बारीक दोष झाकले जातात. प्लास्टरच्या भिंतीसाठी हा योग्य.
- खालून वर: खांब आणि झाडांसाठी. झोत पानांत किंवा छज्ज्याखाली अडला पाहिजे. सरळ आकाशात गेला तर तो उजेड वाया गेला.
- वरून खाली: पायऱ्या, पायवाट, दारासमोरची जागा. झाडाच्या फांदीवरून खाली सोडलेला मंद दिवा चांदण्यासारखा वाटतो.
- मागून: नक्षीदार जाळीच्या किंवा झाडाच्या मागची भिंत उजळली की पुढे फक्त काळी आकृती दिसते. एका छोट्या दिव्यात मोठा परिणाम साधतो.

खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

दुकानात गेल्यावर 'किती वॅटचा देऊ?' असा प्रश्न येतो. पण वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये कळतं.

*केल्विन:* हा प्रकाशाच्या रंगाचा आकडा. पणतीच्या ज्योतीचा सुमारे १९००, जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० आणि पांढऱ्या 'कूल डेलाइट' ट्यूबचा ६५००. घराच्या बाहेर २७०० ते ३००० घ्या. जांभ्याचा लाल, लाकडाचा तपकिरी आणि दगडाचा करडा रंग यात खुलतो. ६५०० केल्विनमध्ये तेच घर दवाखान्यासारखं दिसतं. सगळे दिवे एकाच आकड्याचे घ्या. एक पिवळा आणि शेजारी एक पांढरा ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

*लुमेन:* जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन द्यायचा. एखादा खांब किंवा मध्यम झाड उजळायला २०० ते ४०० लुमेन पुष्कळ झाले, म्हणजे ३ ते ५ वॅटचा एलईडी. पांढरी भिंत बहुतेक प्रकाश परत फेकते, काळा दगड बहुतेक गिळतो. त्यामुळे फिकट रंगाच्या घराला कमी दिवे लागतात. अंतराचाही हिशोब लक्षात ठेवा. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एकचतुर्थांश होतो.

*झोताचा कोन:* १५ अंश म्हणजे अरुंद, उंच खांबासाठी. ३६ अंश झाडासाठी. ६० किंवा जास्त भिंतीसाठी.

*सीआरआय:* रंग किती खरे दिसतात त्याचं माप. किमान ८० हवा. झाडांसाठी आणि नैसर्गिक दगडासाठी ९० असेल तर उत्तम.

*आयपी:* बाहेरच्या दिव्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा. यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. छज्ज्याखालच्या, फक्त शिंतोडे येणाऱ्या जागी आयपी ४४ चालतो. उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात आयपी ६५ हवा. जमिनीत गाडलेल्या दिव्यावर पाणी साचतं, तिथे आयपी ६७ लागतो. हा दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. कारंज्यात किंवा तळ्यात कायम बुडलेला दिवा आयपी ६८ चाच हवा. समुद्रकिनारी घर असेल तर खारी हवा साध्या लोखंडी खोक्याला लवकर खाते. तिथे पितळ किंवा चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील बघा.

एमसीबी तुम्हाला वाचवत नाही!

बाकी काही विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. पावसाळ्यात ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी, लोखंडी खांबाच्या दिव्याला हात लागणं जिवावर बेतू शकतं. अनेकांना वाटतं, 'बोर्डात एमसीबी आहे ना, मग काय भीती?'

एमसीबीचं काम वायर वाचवणं आहे. ६ किंवा १० अँपिअरपेक्षा जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं की ती पडते. माणसाचा जीव जायला मात्र एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. तेवढा करंट अंगातून गेला तर एमसीबीला पत्ताही लागत नाही. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं घ्या. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला नाही तर लगेच बदला.

आणखी काही गोष्टी इलेक्ट्रिशियनकडून अडून करून घ्या:

- बाहेरच्या दिव्यांची लाइन वेगळी, तिला स्वतःची एमसीबी आणि आरसीसीबी.
- प्रत्येक धातूच्या दिव्याला आणि खांबाला अर्थिंग.
- जमिनीखाली आर्मर्ड केबल किंवा पाइपातून नेलेली वायर. मातीत टेप गुंडाळलेला जोड अजिबात नको. जोड असेल तर तो वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्समध्येच.
- शक्य असेल तिथे बागेत १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे. ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी, जमिनीपासून उंच. केबल लांब गेली की शेवटचे दिवे मंद पडतात, म्हणून वायर जाड घ्या.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. दोन दिव्यांचे पैसे वाचवा, पण इथे वाचवू नका.

वीजबिल किती येईल?

हिशोब सोपा आहे. ५ वॅटचे १० दिवे रोज ५ तास लागले तर दिवसाला पाव युनिट, महिन्याला साडेसात युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ७५ रुपये. तेच काम १५० वॅटच्या दोन हॅलोजननी केलं तर महिन्याला ४५ युनिट आणि ४५० रुपये. शिवाय जास्त युनिट म्हणजे वरचा स्लॅब, ते वेगळंच.

त्यात टायमर लावला तर आणखी बचत. संध्याकाळी सगळे दिवे, अकरानंतर फक्त दाराशी एक, आणि गेटवर कोणी आलं तरच पेटणारा मोशन सेन्सरचा दिवा. अचानक पेटणारा दिवा रात्रभर जळणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त लक्ष वेधतो.

अंधारावर इतरांचाही हक्क आहे

आपल्या भिंतीवरचा उजेड आपल्या कुंपणाशी थांबत नाही. तो शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये जातो, घरट्यातल्या पाखरांवर पडतो आणि आकाशातल्या चांदण्या पुसतो.

कोकणात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की ती जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतात. एरवी ती दिशा समुद्राची असते. किनाऱ्यावरच्या बंगल्याचा किंवा होमस्टेचा झगमगाट त्यांना उलट दिशेला नेऊ शकतो. सह्याद्रीत मे-जूनमध्ये चमकणारे काजवे जोडीदाराला प्रकाशानेच हाक मारतात. आपल्या फ्लडलाइटमध्ये ती हाक हरवून जाते.

उपाय अवघड नाही, आणि तो महाराष्ट्रानेच करून दाखवलाय. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, तर बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली. गावात उजेडही राहिला आणि आकाशही.

घरासाठीही तेच सूत्र: गरज असेल तिथेच, गरजेपुरता, खाली वळवलेला, उबदार रंगाचा आणि वेळेवर बंद होणारा दिवा. उबदार रंगाचा आणखी एक फायदा म्हणजे पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा त्यावर किडे कमी येतात. किडे कमी म्हणजे दारातल्या पालीही कमी!

सुरुवात कशी कराल?

एकही दिवा विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. रात्री आठनंतर घरातल्या एकाला मोबाइलची टॉर्च किंवा बॅटरी घेऊन भिंतीपाशी, झाडापाशी, खांबापाशी उभं करा. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे जा. 'जरा मागे, अजून डावीकडे, आता वर' असं सांगत प्रत्येक जागेचा फोटो काढा. अर्ध्या तासात कळेल की चार जागा पुरेशा आहेत. तिथे आधी चारच दिवे लावा, महिनाभर बघा, मग ठरवा.

शेवटी शेजाऱ्याच्या खिडकीत उभं राहून एकदा आपलं घर पाहून या. तिथून डोळ्यांत झोत येत नसेल आणि घर बघावंसं वाटत असेल, तर समजा काम जमलं.

तुमच्या ओळखीत कोणाचं घराचं काम चालू असेल तर प्लास्टर होण्याआधीच त्यांना हा लेख पाठवा. नंतर भिंत फोडून वायर टाकण्यापेक्षा आत्ताच पाइप टाकून ठेवलेला बरा!